पेटीत निघाला दगड

१

पेटीचं झाकण उघडलं आणि लुलवाच्या घशातून जो आवाज निघाला, तसला मी आजवर कुणाच्याच घशातून ऐकलेला नाही. ती किंकाळी नव्हती आणि रडणंही नव्हतं. पोटात गुद्दा बसावा आणि सगळी हवा एकदम बाहेर पडावी, तसं काहीतरी होतं.

आम्ही चौघे पुढे धावलो.

आत मायक्रोफोन नव्हता. करड्या फोममध्ये मायक्रोफोनसाठी कापलेल्या खाचेत एक काळा दगड उभा होता. मोती काढणारे पाणबुडे पायाला बांधून समुद्रात उतरायचे ना, तसला. वर दोर ओवायला भोक.

मी बू नासिर, म्हणजे नासिरचा बाप. उभा जन्म रेडिओवर बातम्या वाचण्यात गेला. भूकंप, लढाया, राजांची मरणं, सगळं आवाज हलू न देता वाचलं. पण त्या दुपारी मुहर्रकच्या त्या गल्लीतल्या स्टुडिओत मी मटकन स्टुलावर बसलो, तर स्टूलही मोडकं निघालं. मला उचलायला कुणी आलं नाही. सगळे त्या दगडाकडे बघत होते.

"हा कसला फाजीलपणा?" बद्र ओरडला. स्टुडिओ त्याचा. त्याचा पारा एरवीही चढलेलाच असतो. "लुलवा, मायक्रोफोन कुठाय?"

"मला... मला नाही माहीत."

"पेटी कालपासून तुझ्याजवळ. आम्ही नमाजला गेलो तेव्हा पेटीजवळ तू. आणि तुला माहीत नाही?"

लुलवा पेटीच्या कडेला धरून उभी होती. अख्ख्या बहरीनमध्ये तिच्याइतक्या चांगल्या कानाचा ध्वनिमुद्रक दुसरा नाही, हे बद्रच चारचौघांत सांगायचा. आता तोच तिच्याकडे खिसेकापूकडे बघावं तसा बघत होता.

आणि हा मायक्रोफोन काही साधासुधा नव्हता. तो बू जुमाचा होता. बू जुमा म्हणजे आमचा शेवटचा नहाम. मोत्यांच्या गलबतावर जो गातो आणि ज्याच्या हाकेवर खलाशी दोर ओढतात, तो नहाम. गलबतं गेली, मोती गेले, बू जुमा राहिला. तो आणि त्याचा थोरला भाऊ फरज, दोघांनी याच मायक्रोफोनपुढे रेडिओवर गाणी म्हटली होती. रेडिओवाल्यांनी नवी यंत्रं घेतली तेव्हा हा जुना बू जुमाला देऊन टाकला. पुढे फरज वारला. तेव्हापासून बू जुमा म्हणायचा, माझ्या भावाचा श्वास याच्यात आहे, गायचं तर याच्यापुढेच.

परवा सकाळी बू जुमाच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं. गाठ होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. आज संध्याकाळी त्याचा आवाज टेपवर उतरला नाही, तर तो जगात कुठेच उरणार नव्हता. आधीच्या टेपा रेडिओवाल्यांनी पुसून त्यांवर हवामानाचे अंदाज भरले होते. वाचणारा मीच होतो, हेही सांगून टाकतो.

"पोलिसांना फोन करतो," बद्र म्हणाला.

"दम धर," मी म्हटलं. "आधी माझ्या बायकोला करू."

२

माझी बायको सबीका पोलीस खात्यात होती. हातात बंदूक घेऊन नव्हे. चोरीच्या, खुनाच्या, मारामारीच्या ज्या ज्या वस्तू सापडत, त्या नीट बांधून जपून ठेवायची खोली तिच्या ताब्यात असायची. निवृत्त झाली, पण सवय गेली नाही. माझा हरवलेला चष्मा ती मला प्रश्न विचारून शोधून देते आणि शेवटी गुन्हेगार मीच निघतो.

ती आली. अबाया सावरत पेटीपाशी बसली. आम्हाला वाटलं, दगड हातात घेईल. तिनं दगडाकडे नजरसुद्धा टाकली नाही. बोट घातलं ते फोमच्या खाचेत.

"हा कुणी निवडला?"

"मी, खाला," लुलवा म्हणाली.

"हाच का?"

"खाला, आत्ता ते काय..."

"सांग गं पोरी. मला कळू दे."

लुलवानं डोळे पुसले आणि बोलायला लागली. बोलता बोलता तिचा आवाज स्थिर होत गेला. "त्यांच्या घरी जुनी लाकडी पेटी आहे. आत मऊ स्पंज लावलेला. आपल्या हवेत एवढं पाणी, तसला स्पंज वर्षानुवर्षांत कुजतो. काळा, चिकट चुरा होतो त्याचा. मायक्रोफोनच्या जाळीतून तो आत गेला तर संपलंच. म्हणून मी पक्कं झाकण बसणारी पेटी बाहेरून मागवली. हा फोम बंद छिद्रांचा, पाणी पीत नाही, चुरा होत नाही. रंग मुद्दाम फिका घेतला, म्हणजे घाण पडली तर दिसेल."

"आणि खाच उभी का?"

"आत एक ॲल्युमिनियमची पट्टी असते, केसाहून पातळ. आडवं ठेवलं तर ती लोंबते. फुंकर मारली तरी फाटू शकते. झाकणसुद्धा दाणकन लावायचं नसतं, आतली हवा दाबली जाते."

"मी सांगत होतो, सोफेवाल्याकडून स्पंज आण आणि एखाद्या सुटकेसमध्ये भर," बद्र मध्येच म्हणाला. "मायक्रोफोन आहे का नवरी? म्हणे फोमला आधी हवा खाऊ द्या!"

"हवा?" सबीकानं मान वर केली.

"नव्या फोमला कापल्यावर वास असतो, खाला. तो जायला हवा. म्हणून परवा मी रिकामी पेटी बू जुमांच्या घरी उघडी ठेवून आले. म्हटलं, उद्या तुम्हीच मायक्रोफोन यात ठेवा, मी न्यायला येते. काल दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजनंतर गेले, पेटी बंद करून तयार होती. घरी नेली, उशाशी ठेवून झोपले. आज इथं आणली."

"काल उघडून पाहिली नाहीस?"

लुलवाचा चेहरा पडला. "नाही."

"का?"

"वेळच मिळाला नाही. आणि त्यांच्या घरात, त्यांनी हातात दिलेली पेटी त्यांच्यासमोर उघडून तपासायची? कसं दिसतं ते?"

बद्र कुत्सित हसला. सबीका हसली नाही. खाचेतून काढलेलं बोट तिनं उजेडाकडे धरलं आणि माझ्यापुढे केलं.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"हेच तर," ती म्हणाली. "पोरीला घरी जाऊ दे, बद्र. मायक्रोफोन इथून चोरीला गेलेलाच नाही. तो या पेटीत कधी बसलाच नव्हता."

३

मी चष्मा सारखा करून तिचं बोट पुन्हा पाहिलं.

"हे तू बोटावरून सांगतेस?" मी विचारलं.

"एवढा जड मायक्रोफोन त्या कुजक्या स्पंजातून निघून या फिक्या फोममध्ये रात्रभर बसला असता, तर काळा कण नको का पडायला? ही खाच कोरी आहे. आणि दुसरं असं की, चोरानं दगड ठेवला कशाला?"

"शाप द्यायला!" बद्र म्हणाला.

"वजनाला, बाबा. पेटी कुणीतरी उचलणार होतं आणि उचलताना हलकी लागायला नको होती. लुलवानं इथं चोरी केली असती तर तिला दगडाची गरज काय? पेटी आणूनच झाली होती. दगड घातला तो लुलवा पेटी न्यायला येण्याआधी. म्हणजे बू जुमाच्या घरात."

मग तिनं एकेकाला समोर बसवलं. माणसं दोनच उरली होती.

पहिला मिशाल. हा कुवेतचा. जुनी वाद्यं, जुने रेडिओ, जुन्या ध्वनिमुद्रिका, दिसेल ते गोळा करतो. त्या मायक्रोफोनवर त्याचा डोळा होता हे सगळ्या मुहर्रकला ठाऊक होतं.

"काल त्यांच्या घरी गेला होतास?"

"गेलो होतो, खाला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, द्यायचा नसेल तर नका देऊ, एकदा हातात तरी घेऊ दे. तर त्यांचा मुलगा, हा जुमा, म्हणाला, पेटी बंद झाली, आता उघडत नाही. कॉफी प्यालो आणि निघालो. दारात ही लुलवा भेटली. तिथून थेट कॉफीहाउसमध्ये गेलो. विचारा तुमच्या यजमानांना."

ते खरं होतं. काल संध्याकाळी तो माझ्याच बाकावर येऊन टेकला होता. पायघोळ पांढरा थोब, स्टार्चनं कडक, बाह्यांना सोन्याची बटणं. मी म्हणालोही होतो, बाबा रे, जरा सरकून बस, डोळे दिपतात.

दुसरा होता जुमा, बू जुमाचा मुलगा. बँकेत मोठ्या जागेवर. सज्जन, अबोल, 'यबा, यबा' करत बापाचं सगळं करणारा. आई गेल्यावर बापाला स्वतःच्या हातानं मासे निवडून भरवणारा मुलगा आमच्या गल्लीत दुसरा नाही. फक्त गाण्याचं त्याला वावडं. बाप गायला लागला की हा उठून जायचा. बँकेतल्या लोकांसमोर लाज वाटते, असं लोक म्हणत.

मघापासून तो भिंतीला टेकून घाम पुसत उभा होता. घाम येणारच. मे महिन्यात गडी जाड करड्या कापडाचा हिवाळी थोब घालून आला होता.

"जुमा, तुला थंडी वाजतेय की काय?" मी म्हटलं. "का बँकेत बर्फ पाडतात?"

तो ओशाळून हसला. "पांढरे धुवायला गेलेत."

"मायक्रोफोन नव्या पेटीत कुणी ठेवला?" सबीकानं विचारलं.

जुमानं क्षणभर मिशालकडे पाहिलं. "यांनी. यबा झोपले होते. मी आत कॉफी करत होतो. बाहेर आलो तेव्हा यांनी जुन्या पेटीतून काढून नव्यात ठेवला होता आणि झाकणही लावलं होतं. मी हातसुद्धा लावला नाही."

"अरे खोटारड्या!" मिशाल ताडकन उभा राहिला. "मी? मी ठेवला? तूच तर म्हणालास..."

"मी सांगतोय ते सांगतोय."

बद्रनं मिशालची मानगूट धरली. मी मध्ये पडलो आणि माझा चष्मा पडला. या सगळ्या गोंधळात सबीका शांतपणे पर्समधून टरबुजाच्या भाजलेल्या बिया काढून सोलत होती. दोघांतला एक जण धडधडीत खोटं बोलत होता. मला विचाराल तर माझा संशय मिशालवरच होता. हावरट माणूस चोर असणं किती सोयीचं असतं!

"लुलवा," सबीका म्हणाली, "मघाशी तू म्हणालीस, पेटी उघडून पाहायला वेळच मिळाला नाही. बू जुमाच्या घरी? तिथं तर माणूस दोन तास सुटत नाही."

"काल काय झालं कुणास ठाऊक, खाला. मी बसले, कॉफीचा पहिलाच पेला हातात होता, अर्धासुद्धा झाला नव्हता. तेवढ्यात ऊद आला."

सबीकाच्या हातातली बी खाली पडली.

आमच्याकडे पाहुण्यापुढे ऊदाचं धूपदान आलं, की बैठक संपली. कपड्याला धूर घ्यायचा, सुगंध लागला म्हणायचं आणि उठायचं. त्यानंतर बसून राहायचं नसतं. यजमान तोंडानं 'जा' म्हणत नाही, ऊद म्हणतो. आणि बू जुमाच्या घरी तो निदान चौथ्या पेल्याशिवाय आल्याचं मला आठवत नव्हतं.

"ऊद कुणी आणला?" तिनं विचारलं.

लुलवानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी आता कुणीच नव्हतं. जुमा निघून गेला होता.

४

आम्ही तिघं बू जुमाच्या घरी पोचलो तेव्हा अस्र होऊन गेली होती. मी, सबीका आणि लुलवा. टेपयंत्र आणि एक साधा मायक्रोफोन लुलवानं हट्टानं बरोबर घेतला होता.

अंगणात पाय ठेवला आणि मी जागीच थांबलो. दोरीवर थोब वाळत होते. सगळे पांढरे, म्हणजे कालपर्यंत पांढरे असावेत. आता प्रत्येकावर काळे ठिपके होते. छातीवर, पाठीवर, बाह्यांवर.

सबीका दोरीपाशी गेली. एका थोबाची बाही चिमटीत धरली. कोपरापर्यंत काळा, चिकट पट्टा होता. "हा पहिला," ती हळूच म्हणाली. "याला डाग पडला. धोब्याकडे दिला तर धोबी विचारणार, म्हणून गड्यानं मशीनमध्ये टाकला. आणि आयुष्यात कधी कपडे धुतलेले नाहीत, तेव्हा बाकीचे सगळे थोबही त्याच्याबरोबर टाकले. तो चुरा सगळ्यांना चिकटला."

"म्हणून हिवाळी थोब."

"मिशाल इथून सरळ तुझ्या बाकावर आला आणि तुझे डोळे दिपले. त्यानं मायक्रोफोन काढला असता तर त्याच्या बाहीची ही दशा झाली नसती का?"

चोरानं चोरी केली तर माणूस दोन शिव्या देऊन मोकळा होतो. पण बापाला मासा भरवणारा हा मुलगा, बापाच्या आवाजावर उठला होता. कशासाठी? मिशालनं किती मोजले असतील?

बू जुमा बैठकीत गादीवर टेकून बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, गळ्याभोवती पांढरं फडकं. आवाज फाटलेला, पण खर्ज तसाच. "कोण, बू नासिर? तुझ्या चपला अजून तशाच वाजतात. आणि नासिरची आई, उम्म नासिरही? या, या. संध्याकाळची तयारी झाली का?"

कोपऱ्यात जुनी लाकडी पेटी होती. सबीकानं ती जराशी उघडली आणि तिची बोटं काळी झाली.

जुमा कॉफी घेऊन आला. आमच्या हातात पेले दिले. आम्ही एक घोट घेतला असेल नसेल, तो आत गेला आणि धूपदान घेऊन आला.

ऊदाचा धूर सबीकाच्या समोर आला.

मी सवयीनं उठायला लागलो. लुलवाही उठली. सबीका बसून राहिली. तिनं धूपदानाकडे हात केला नाही. पेला पुढे धरला आणि म्हणाली, "आणखी कॉफी घाल, जुमा."

मी चाळीस वर्षं तिच्याशी संसार केलाय. कुणाच्या घरी तिला असं वागताना मी पाहिलं नव्हतं. लाजेनं माझे कान तापले. जुमा धूपदान हातात धरून तसाच उभा. निखारे तडतडत होते.

"काल या पोरीला तू असंच उठवलंस," सबीका म्हणाली. "मी नाही उठणार. मायक्रोफोन कुठाय, बाळा?"

धूपदान खाली पडलं. निखारे गालिच्यावर उडाले आणि मी ते चपलेनं विझवत सुटलो.

जुमा बापाच्या पायाशी बसला होता. एवढा मोठा बँकेतला माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"मिशालला विकलास?" मी विचारलं.

"विकला?" तो माझ्यावर उसळला. "कुणाला विकायचंय? डॉक्टरनं मला बाजूला नेऊन सांगितलं, जोरात खोकले तरी गाठ फुटेल. रक्त श्वासात जाईल. इस्पितळात पोचायच्या आत सगळं संपेल. आणि यांना गायचंय! तुम्हा सगळ्यांना टेप पाहिजे. बद्रला पाहिजे, मिशालला पाहिजे, गल्लीला पाहिजे. मला बाप पाहिजे! मायक्रोफोन नसला तर गाणार नाहीत, हे यांनीच शंभरदा सांगितलंय. म्हणून उचलला. ऑपरेशन झालं की आणून देणार होतो."

मला वाटलं, याला आता काय शिक्षा द्यायची? मी स्वतः असतो तर काय केलं असतं?

"गाडीत आहे," जुमा म्हणाला. "डिकीत."

लुलवाचा चेहरा पांढराफटक पडला. "कसा ठेवलायस? आडवा?"

५

ब्लँकेटात गुंडाळलेला, आडवा, जॅकच्या शेजारी. बंद डिकीतली उकड, आणि कालपासून जुमानं ती डिकी किती वेळा दाणकन लावली असेल कुणास ठाऊक. लुलवानं तो दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणला. यंत्राला जोडला, कानाला हेडफोन लावला, समोर चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली.

मग तिनं हेडफोन काढला आणि आमच्याकडे बघून मान हलवली. पट्टी फाटली होती.

जुमानं कपाळ भिंतीवर आपटलं. आवाज मात्र केला नाही. बापाला ऐकू जाईल म्हणून.

आम्ही दाराआड उभे राहून कुजबुजलो. मी म्हटलं, "सांगूया त्याला." जुमा म्हणाला, "सांगा. म्हणजे गाणार नाहीत." आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, कारण आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं होतं.

"पोरांनो," आतून बू जुमाचा आवाज आला. "घसा माझा आहे. डॉक्टरनं मलाही सांगितलंय. मी काय बहिरा आहे? आणा माझा मायक्रोफोन."

शेवटी लुलवानं ठरवलं. मेलेला मायक्रोफोन तिनं बू जुमाच्या समोर, ओठांपासून हातभर अंतरावर उभा केला. आपला साधा मायक्रोफोन त्याच्या खाली, आडोशाला ठेवला. बू जुमानं हात पुढे करून जुनी जाळी चाचपली आणि हात मांडीवर घेतला.

मग त्यानं हाक दिली.

ऑपरेशनला जाणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकायला मिळेल, अशी माझी तयारी होती. जे आलं ते तसं नव्हतं. अंगणातली कबुतरं उडाली. लुलवाच्या यंत्रावरचा काटा लाल रेघेवर आदळला. माझ्या हातातला पेला कलंडून कॉफी मांडीवर सांडली, हे मला नंतर कळलं.

हाक संपली आणि तो थांबला.

नहामाच्या हाकेनंतर खलाशांनी उत्तर द्यायचं असतं. खालच्या पट्टीत, छातीतून, घुमणारी लांबलचक हूं. ती आली की नहाम पुढे जातो. पूर्वी फरज त्यांचा म्होरक्या असायचा. आता ना खलाशी होते, ना फरज. बू जुमा थांबला होता. टेप फिरत होती. मला उत्तर देता येईना. बातम्या वाचणाऱ्याच्या गळ्यात ते नसतं.

आणि दारातून ती हूं आली. कच्ची, कापरी, पण बरोबर पट्टीत.

जुमा चौकटीला धरून उभा होता. लहानपणी उठून जायच्या आधी त्यानं हे कितीदा ऐकलं असेल! बू जुमानं मान वळवली नाही. दुसरी हाक दिली. उत्तर आलं. मग तिसरी. गाठ फुटते की काय म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो, आणि सबीकानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

गाणं पुरं झालं. फडक्यावर रक्ताचा एक ठिपका उमटला होता, जास्त नाही.

लुलवानं टेप थांबवली. बू जुमानं पुन्हा ती जुनी जाळी चाचपली.

"हा मेलाय ना?" तो म्हणाला.

लुलवा माझ्याकडे बघायला लागली.

"काल पहिल्या पेल्यालाच ऊदाचा वास आला, तेव्हाच समजलं मला. माझ्या घरात असं कधी झालेलं नाही. म्हटलं, जुमानं काहीतरी केलंय. रात्री कपड्यांचं मशीन सुरू झालं. माझा मुलगा आणि कपडे धुतोय!" तो हसला आणि खोकला. जुमा धावला. म्हाताऱ्यानं हातानंच त्याला थांबवलं.

सबीकाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जे तिनं दुपारभर खपून शोधलं, ते या आंधळ्या म्हाताऱ्यानं गादीवरून न उठता कालच ओळखलं होतं.

"मग बोलला का नाहीस?" ती म्हणाली. "इकडे या पोरीवर आळ आला."

"ते मला माहीत नव्हतं. पोरी, मला माफ कर." त्यानं लुलवाच्या दिशेनं हात जोडले. "बाप मरू नये म्हणून पोरानं चोरी केली. त्याला चारचौघांत चोर म्हणायचं माझ्या जिवावर आलं."

"पण यबा," जुमा म्हणाला, "मायक्रोफोन मेलेला होता, तर गायलात कसे? याच्याशिवाय गाणार नाही म्हणायचात..."

"उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून म्हणायचो. यात निदान फरज आहे अशी समजूत तरी घालता यायची. आज हाक दिली ती तुला दिली. तू उठून जातोस का थांबतोस, ते बघायचं होतं."

जुमानं बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी रडलो, सांगायला लाज कसली? अख्ख्या देशाला बातम्या वाचून दाखवणारा माणूस त्या गालिच्यावर बसून रडला.

स्टुडिओतून नवी पेटी मागवली. बद्र स्वतः घेऊन आला, मान खाली घालून. त्यानं पेटी खाली ठेवेपर्यंतही जुमा थांबला नाही. आधी मिशालला फोन केला आणि आमच्यासमोर त्याची माफी मागितली. मग लुलवानं दगड काढून जुमाच्या हातात दिला आणि मायक्रोफोनची जाळी मऊ कुंचल्यानं झाडून साफ करून तो त्या कोऱ्या, करड्या खाचेत उभा ठेवला. पहिल्यांदाच. तो अगदी बेतानं बसला.

ती झाकणाला हात घालणार, तेवढ्यात बू जुमा म्हणाला, "झाकण हळू लाव, पोरी. आत माणूस आहे."

दुसरा अख्खा दिवस तो एक शब्द बोलला नाही. जुमा सांगतो, इस्पितळाच्या वाटेवरही नाही. विचारलं की नुसता मांडीवर ठेका धरायचा. ऑपरेशन नीट पार पडलं. म्हातारा वाचला आणि नंतर कितीतरी हिवाळे जगला, मुका.

लुलवानं टेप आम्हाला ऐकवली तेव्हा बू जुमा पुढे बसला होता. गाणं संपल्यावरही तिनं यंत्र बंद केलं नाही. त्या संध्याकाळी तिनं टेप थांबवल्यासारखं केलं होतं, थांबवली नव्हती. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं टेपवर आलं होतं. माफी, हसणं, खोकला आणि शेवटी ते, हळू लाव, पोरी.

तेवढं ऐकल्यावर बू जुमानं हात वर करून तिला थांबवलं. मग जुमाच्या दिशेनं बोट केलं आणि वाट बघत बसला. जुमाला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं डोळे पुसले, छाती भरून घेतली आणि उत्तर दिलं.